‘ळ’ कशाचा?

बालवर्गाच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. अ अननसाचा, आ आईचा, क कमळाचा, ग गवताचा असे म्हणत मुले एका सुरात पुढे जातात. ह हरणाचा झाला की मात्र गाडी अडते. पुढचे अक्षर असते ळ. त्याच्या चौकोनात कुठे बाळाचे चित्र असते, कुठे नळाचे, कुठे पुन्हा कमळच. चार वर्षांचे मूल ते चित्र पाहते आणि मोठ्या आवाजात सांगते, "ब बाळाचा!"

त्या मुलाचे काहीच चुकलेले नसते. चित्रातल्या वस्तूचे नाव घ्यायचे आणि त्याचे पहिले अक्षर ओळखायचे, हे आपणच त्याला इतके दिवस शिकवलेले असते. मराठीतल्या चौतीस व्यंजनांत ळ सगळ्यात शेवटी बसतो आणि त्याने आपला एकही रोजचा शब्द सुरू होत नाही. मग मुलाला सांगायचे तरी काय? ळ कशाचा?

आमच्या बालवर्गात आम्ही हे अक्षर तक्त्यावरून शिकवत नाही, खाऊच्या डब्यातून शिकवतो. पालकसभेत काही जणांनी विचारले होते की, "बाई, मुले घरी येऊन डाळ-तांदळाच्या डब्यात डोकावतात, हे काय चालले आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांनाच मिळावे म्हणून हा लेख. त्यात शिकवण्याची रीत तर आहेच, पण घरातल्या मोठ्या माणसांसाठीही एक गोष्ट आहे.

आधी स्वयंपाकघरात एक फेरी मारू या. डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, नारळ, केळे, आवळा, जांभूळ, सीताफळ, पोळी. सगळ्या फळांचे मिळून जे नाव आहे त्या ‘फळ’ शब्दातही ळ आहे. सकाळच्या न्याहारीपासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत जे अक्षर मुलाच्या तोंडात दहा वेळा घोळते, ते त्याला परके कसे वाटेल? ते फक्त शब्दाच्या दारात उभे नसते, आत माजघरात बसलेले असते. त्याला भेटायला आत जावे लागते, एवढाच फरक.

हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवणे ही काही आमची नवी युक्ती नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. महागडी साधने परवडणारी नव्हती आणि त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती. म्हणून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे हीच साधने मानली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथलाच. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज आपल्या जिल्ह्यातल्या बेला, जैनद, तामसीपासून उटनूरच्या गुड्यांपर्यंत तो सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणात जर शाळा भरू शकते, तर चुलीजवळही भरू शकेल.

पण ळ शब्दाच्या सुरुवातीला का येत नाही? एका मोठ्या मुलीने, चौथीतल्या, मला हा प्रश्न विचारला होता आणि तिला जे सांगितले तेच इथे लिहिते. आपल्या बऱ्याच शब्दांचा मागोवा घेतला तर ते संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत आले आहेत. त्या प्रवासात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला. फलचे फळ झाले, तिलचा तीळ झाला, तण्डुलचे तांदूळ झाले, कदलीची केळ झाली. जो ल शब्दाच्या आरंभी होता, तो तसाच राहिला. म्हणून लसूण, लवंग, लोणी, लिंबू, लाडू हे सगळे अजून ल चेच आहेत. जिथे जोडाक्षर होते, तिथेही ल टिकला. प्राकृतात तेल्ल होते, त्याचे तेल झाले. पाहा, तिळातून तेल निघते, पण तिळात ळ आणि तेलात ल! त्या मुलीने घरी जाऊन आईला हे सांगितले आणि दोघींनी फडताळातल्या सगळ्या डब्यांची वाटणी केली, हा ल चा, हा ळ चा. (फडताळसुद्धा ळ चेच.)

गुळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो संस्कृतातल्या ‘गुड’वरून आला. म्हणजे ड चाही कधी कधी ळ होतो. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ळ आहे, आणि नंतरच्या संस्कृतात तो दिसेनासा झाला. मराठीने मात्र त्याला घरात ठेवून घेतले.

आता वर्गात काय करतो ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस पाटी नाही, खडू नाही, फळ्यावर अक्षरही नाही. फक्त कान. मी एकेक शब्द म्हणते आणि ज्या शब्दात ळ ऐकू येईल त्या वेळी मुलांनी डोक्यावर हात ठेवायचा. डाळ. मीठ. गूळ. तेल. तांदूळ. लसूण. सुरुवातीला निम्मे हात ‘तेल’ला वर जातात. मग आम्ही दोन शब्द शेजारी ठेवतो: केले आणि केळे. "मी केळे खाल्ले" आणि "मी केले खाल्ले". दुसरे वाक्य ऐकून मुले हसतात. हसली म्हणजे कानाला फरक कळला. जे कानाला कळले नाही ते पाटीवर गिरवून घेण्यात काही अर्थ नसतो.

त्यानंतर खेळ आगगाडीचा. आपले आदिलाबादचे स्टेशन मुलांनी पाहिलेले असते, त्यामुळे डबे आणि इंजिन समजावून सांगावे लागत नाही. तीन मुले एकामागे एक उभी राहतात. पहिला ‘ना’, दुसरा ‘र’, तिसरा ‘ळ’. शिट्टी वाजली की गाडी वर्गाला फेरी मारते आणि प्रत्येक डबा आपले अक्षर ओरडतो. मग ‘डा’ आणि ‘ळ’ची छोटी गाडी, ‘आ-व-ळा’ची लांब गाडी. थोड्या वेळाने मुलांच्याच लक्षात येते की ळ कधीच इंजिन होत नाही. एका मुलीच्या वाट्याला सारखा ळ आला. ती रुसून बसली, मला इंजिन व्हायचे आहे म्हणाली. तेव्हा तिच्या पुढे उभा असलेला मुलगा म्हणाला, "तू उतरलीस तर नुसते ‘नार’ उरेल, खोबरे कुठून आणायचे?" ती लगेच उठून जागेवर उभी राहिली. गुळाच्या गाडीतला ळ उतरला तर काय उरते, हे मी इथे लिहीत नाही. मुले मात्र तो दिवसभर हसत होती, आणि त्या दिवसानंतर गुळातला ळ कोणीही विसरले नाही.

तिसरी पायरी तोंडाची. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना ते मागे वळते, टाळूला लागते आणि खाली येते. हे शब्दांत सांगून चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्यासाठी गूळ उपयोगी पडतो. थोडा गूळ पाण्यात कालवून घट्ट करायचा आणि स्वच्छ धुतलेल्या बोटाने मुलाच्या टाळूला, जरा मागच्या बाजूला, चिमूटभर लावायचा. तो जिभेच्या टोकाने चाटून घ्यायला मुलाची जीभ आपोआप वळते. तीच ळ ची जागा. हा प्रयोग घरी आईने, आजीने किंवा बाबांनी करावा. मुलाला घास घशात जाण्याची भीती नको म्हणून खडा द्यायचा नाही, लेपच लावायचा.

इथे पालकांना एक विनंती. तीन-साडेतीन वर्षांचे मूल ‘केळे’ऐवजी ‘केले’ म्हणत असेल तर त्याची खोड मानू नका. जीभ वळायला वेळ लागतो. पुन्हा पुन्हा टोकू नका, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला तर मुळीच लावू नका. आपण आपल्या वाक्यात शब्द नीट म्हणायचा, "हो, केळे हवे आहे ना तुला? हे घे केळे," आणि पुढे जायचे. मूल पाच-सहा वर्षांचे झाले तरी बरेच उच्चार अडत असतील किंवा हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, तर मात्र एकदा कान तपासून घ्यावेत.

चौथी पायरी डोळ्यांची, म्हणजे अक्षराचा आकार. ळ काढायचा म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन लाडू आणि वरून आलेली एक छोटी काडी. काही शाळांत धान्याच्या ताटात बोटाने अक्षर गिरवतात. आम्ही ते करत नाही. त्याचे कारण एका आजोबांनी सांगितले होते. ते म्हणाले, "बाई, ज्या घरात पावसाने दगा दिला की पायली मोजून दळण टाकतात, त्या घरच्या पोराला धान्य सांडायला शिकवू नका." मला ते पटले. आपला जिल्हा कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. पावसावर घर चालते. शिवाय डाळीचे दाणे लहान मुले नाका-कानात घालतात, ती काळजी वेगळीच. म्हणून गिरवायला ओली वाळू आणि रांगोळी, आणि खाण्याच्या वस्तू फक्त खायला, असा आमचा नियम आहे. वाळू आणि रांगोळी या दोन्हींतही ळ आहे, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले!

या चार पायऱ्या झाल्या की शेवटी येतो डाळ-तांदळाचा दिवस. प्रत्येक मुलाने घरून एक मूठ डाळ किंवा एक मूठ तांदूळ आणायचे, बस. नारळ आणा, केळ्यांची फणी आणा असे आम्ही कधी सांगत नाही. कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे चार वर्षांच्या मुलांना एकमेकांच्या पिशव्यांतून कळू नये. कोणाला एखादा पदार्थ सोसत नसेल तर तेही आधी विचारून घेतो. सगळ्यांच्या मुठी एका पातेल्यात पडतात आणि त्याची खिचडी होते. कोणाची मूठ कोणती, ते पातेल्याला कळत नाही. विश्वस्त मंडळींनाही सांगायला हरकत नाही की, या धड्याला शाळेचा खर्च जवळजवळ शून्य येतो.

अशाच एका दिवशी मदतीला काही आज्या आल्या होत्या. त्यांपैकी एका आजींचे माहेर यवतमाळकडचे. ताट मांडीवर घेऊन त्या खडे वेचत होत्या आणि म्हणाल्या, "पोरी हो, डाय निवडून घ्या आधी." त्यांचा नातू आमच्याच वर्गात. त्याने दोन दिवसांपूर्वीच ळ शिकलेला. तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "आजी, डाय नाही, डाळ! तुला ळ येत नाही!" मुले हसली. आजींचा हात ताटात थांबला.

पालकहो, या लेखाचे खरे कारण हा क्षण आहे. मुलाने अक्षर शिकावे म्हणून आपण एवढा खटाटोप करतो, आणि त्याच अक्षराने त्याने आपल्या आजीला खाली पाहायला लावले तर त्या शिकण्याची किंमत फार मोठी झाली.

वऱ्हाडाकडच्या बोलीत ळ चा य होतो. डोळा तिथे डोया, काळा तिथे काया, केळी तिथे केयी. खानदेशातही तसेच आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांच्या कवितांत हाच य जागोजागी भेटतो, आणि त्या कविता शाळेच्या पुस्तकांत आपण सन्मानाने शिकवतो. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. म्हणजे आजींना ळ येत नाही असे नव्हे, आजींच्या बोलीत ळ च्या जागी य बसतो. ती बोलीची रीत आहे, जिभेचा दोष नाही.

मी मुलांना जवळ बोलावले आणि आजींना म्हटले, "आजी, तुम्ही डोळ्याला काय म्हणता?" त्या जरा संकोचून म्हणाल्या, "डोया." "आणि काळ्या गाईला?" "कायी गाय." मी फळ्यावर दोन रकाने केले. एकावर घराचे चित्र काढले, दुसऱ्यावर पाटीचे. घराखाली आजींचे शब्द, पाटीखाली लिहायचे शब्द. मुलांना हा नवा खेळच मिळाला. "आजी, पोळीला काय? आजी, सकाळीला काय?" आजींचा संकोच गेला. त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडं असंच म्हन्तेत, बाई. पन हे पोरगं दोन्ही शिकंल आता." नातवाने त्या दिवशी आजीच्या शेजारी बसून दोनदा खिचडी खाल्ली.

तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियम ठरला आहे. घरचा उच्चार घरी, पाटीवरचे अक्षर पाटीवर, आणि एकाने दुसऱ्याला हसायचे नाही. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी आहे, कोणाच्या घरी मराठवाड्याची. शेजारी तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी, लमाणी बोलणारी घरे आहेत. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये आखली गेली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडच्या राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो. २०१४ साली तेलंगणा झाले, २०१६ साली आपल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. रेषा बदलत गेल्या, पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या डब्यांतली नावे तीच राहिली.

तेलुगूचेच पाहा ना. तेलुगूतही ळ आहे आणि तिथल्या वर्णमालेतही तो ह च्या नंतरच येतो. नीळ्ळु म्हणजे पाणी, पेळ्ळी म्हणजे लग्न, मळ्ळी म्हणजे पुन्हा. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची झाली आहे, त्यामुळे आपली मुले ते अक्षर पुढे शिकतातच. ज्याच्या कानाला मराठीतला ळ ओळखीचा झाला, त्याला तेलुगूतला ळ परका वाटत नाही. पदार्थांची नावे मात्र मजेशीर अदलाबदल करतात. आपला गूळ शेजारी बेल्लम होतो, डाळ पप्पू होते, आपले सीताफळ सीताफलम होते आणि पुरणपोळीला कोणी भक्षालु म्हणतात, कोणी पोलेलु. मुलांना एकाच पदार्थाची दोन नावे पाठ होतात आणि त्याचे त्यांना काहीच ओझे वाटत नाही. ओझे आपल्याला वाटते.

आता थोडे त्या ओझ्याबद्दल. एका वडिलांनी मला सरळ विचारले, "बाई, हिंदीत ळ नाही, इंग्रजीत नाही. ल ने काम भागते की! एवढा वेळ कशाला घालवता?" प्रश्न प्रामाणिक होता. त्यांच्या घरी मुलाशी आता हिंदीतच बोलतात, पुढे उपयोगी पडेल म्हणून. डाळीची दाल झाली आहे, केळ्याचा केला आणि नारळाचा नारियल. त्या घरात मराठी बोलत नाहीत असे नाही, मोठी माणसे आपसात मराठीच बोलतात. फक्त मुलाकडे वळले की भाषा बदलते. घरातून भाषा एकदम जात नाही, ती ताटातून एकेक पदार्थ उचलावा तशी जाते. आणि त्यात सगळ्यांत आधी जातो तो ळ, कारण ज्या भाषांकडे आपण वळतो त्यांत त्याला जागा नाही.

मी त्यांना वाद घालून काही सांगितले नाही. फक्त म्हटले, "वेल आणि वेळ, काल आणि काळ, गाल आणि गाळ हे एकच आहेत का?" आणि मग त्यांचे आडनाव विचारले. त्यात ळ होता. आपल्यात काळे आहेत, कांबळे आहेत, शेळके आहेत, माळी आहेत. ही नावे आधी इंग्रजीत लिहिली जातात आणि त्यावरून कोणी पुन्हा आपल्या लिपीत उतरवली की काळेचे काले होतात. नाव वाचणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यासमोर ळ आलेलाच नसतो. पण ज्याचे नाव आहे त्याला तरी ते नीट म्हणता आणि लिहिता यायला हवे. त्या वडिलांनी संध्याकाळी मुलाला त्याचे पूर्ण नाव वाळूत लिहायला लावले, असे मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. हिंदी आणि इंग्रजी त्याने शिकावीच, भरपूर शिकावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. घरची भाषा पक्की असली की पुढच्या भाषा तिच्या आधाराने उभ्या राहतात, हे बालवर्गात मी रोज पाहते.

शेवटी पालकांसाठी थोडा गृहपाठ. वह्या लागणार नाहीत. आपले वर्षच ळ ने भरलेले आहे, ते मुलाबरोबर चाखत जायचे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाजारात जांभळे येतात. जांभळी झालेली जीभ आरशात दाखवा आणि ती वळवून ‘जांभूळ’ म्हणायला सांगा. श्रावण सरता सरता पोळा येतो, बैलांबरोबर पुरणपोळी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोक्यावर टोपल्या घेऊन बाया सीताफळे विकायला येतात. बिया मात्र आपण काढून द्यायच्या. थंडीत आवळे. संक्रांतीला तिळगूळ, त्यात तर दोन ळ! आणि शेवटी होळी. पदार्थ करताना मुलाला जवळ बसवा, नाव उच्चारा, त्याला वास घेऊ द्या, आणि ळ कुठे बसला आहे ते विचारा, मध्ये की शेवटी? पाच मिनिटे पुरतात.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा शब्दही विचारा आणि तो शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहून पाठवा. ‘घरचा शब्द’ असा एक तक्ता या वर्षी बालवर्गाच्या बाहेर लावायचा आहे. डाय, केयी, कायी गाय हे तीन शब्द त्यावर आधीच लागले आहेत. चौथा कोणाच्या घरून येतो, याची मुले वाट पाहत आहेत.